टकटक! पंखात ओल आहे का?

लाकडी विमान तपासायचं तर लागतात नाक, कान, बोटं आणि एक चांगला टॉर्च. दुरुस्त करायचं तर रंधा, पटाशी आणि भरपूर पेशन्स. आणि चूक झाली तर?

जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. वन बीएचकेमधल्या वॉर्डरोबचं दार फुगलंय, लागता लागत नाही. सिंकखालच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटायला लागलेत. खालचं कपाट उघडलं की कुबट वास. तुम्ही सुताराला फोन करता, तो ‘संडेला येतो’ म्हणतो आणि कोणत्या संडेला ते सांगत नाही. चालतं. कपाट काही कुठे पडत नाही.

आता तेच प्लायवूड, तसाच चिकटवलेला सांधा, तीच ओल... पण जमिनीपासून पाच हजार फुटांवर. आणि आत तुम्ही बसलेले!

लाकडी विमान म्हटलं की आपल्याला राइट बंधू आणि म्युझियममधले ब्लॅक अँड व्हाइट फोटो आठवतात. पण १५ ऑक्टोबर १९८२ या दिवशी कराचीहून उडालेलं एक छोटंसं विमान जुहूला उतरलं. चालवत होते जे.आर.डी. टाटा, वय वर्षं ७८. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, त्यांनी याच मार्गाने टपाल आणलं होतं, त्याची ही आठवण. विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं लेपर्ड मॉथ, १९३० च्या दशकातलं. त्याचं धड चक्क प्लायवूडचं. आपल्याकडे सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने बनवलेली ग्लायडर्ससुद्धा लाकडीच होती. अश्विनी १९५८ मध्ये उडालं, रोहिणी १९६१ मध्ये, कार्तिक १९६३ मध्ये. (पंचांग उघडून नावं ठेवली असावीत!) फ्रान्समधल्या फ्लाइंग क्लबांत तर रॉबिन कंपनीची लाकडी विमानं आजही सर्रास दिसतात. तिथल्या कित्येकांनी उडायचे पहिले धडे लाकडाच्या पंखांवरच गिरवलेत.

आणि लाकूड हे काही गरिबाघरचं मटेरियल नाही बरं का. वजनाच्या मानाने त्याची ताकद भन्नाट. धातू वारंवार वाकवला की थकतो, बारीक तडे जातात. लाकूड त्या बाबतीत फारच सोशीक. नीट कोरडं ठेवलेलं लाकूड माणसापेक्षा जास्त जगतं. गोची एकच आहे. लाकूड बिघडतं तेव्हा आतून बिघडतं, आणि बाहेरचा पेंट मस्त चकाचक राहतो.

कॅन्ससचं कुरण

३१ मार्च १९३१. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीहून एक विमान लॉस एंजेलिसच्या दिशेने निघालं. तीन इंजिनांचं फोकर एफ-१०, कंपनी टीडब्ल्यूए. आत आठ जण. त्यातला एक नूट रॉकनी, नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचा कोच. अमेरिकेत तेव्हा त्याची केवढी क्रेझ होती हे क्रिकेटवेड्या देशाला वेगळं समजावायला नको. बझार नावाच्या खेड्याजवळ विमानाचा एक पंख हवेतच तुटला. आठही जण गेले.

सुरुवातीला बर्फाचा संशय आला. मग तपास पंखाकडे वळला. फोकरचा पंख म्हणजे आत लाकडी स्पार (पंखाची लांबलचक तुळई म्हणा), आडव्या रिब्ज आणि वरून प्लायवूडची कातडी, सगळं चिकटवून पक्कं केलेलं. अत्यंत सुबक काम. पण त्या पंखात पाणी झिरपलं होतं आणि आतले चिकटवलेले सांधे कमजोर झाले होते. बाहेरून काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. बघायचं ठरवलं असतं तरी बघणार कसं? आत डोकवायला जागाच नव्हती. त्यासाठी प्लायवूडची कातडी उचकटावी लागली असती.

सरकारने त्या मॉडेलची विमानं जमिनीवर बसवली आणि पंख तपासायचे आदेश काढले. ती तपासणी इतकी खर्चिक आणि किचकट होती की एअरलाइन्सचा लाकडातला इंटरेस्टच संपला. पुढच्याच वर्षी टीडब्ल्यूएने विमान बनवणाऱ्यांना पत्रं पाठवली, आम्हाला धातूचं विमान हवंय. त्यातून डग्लस कंपनीचं डीसी-१ आलं, मग डीसी-२, आणि १९३५ मध्ये डीसी-३, म्हणजे आपल्या हवाई दलाचं लाडकं डकोटा. आज आपण ज्या अल्युमिनियमच्या नळकांड्यात बसून मुंबई-दिल्ली करतो, त्याच्या मागे कॅन्ससमधल्या एका ओल्या पंखाचाही हात आहे.

माझ्या मते मात्र त्या दिवशी लाकूड नापास झालं नव्हतं. नापास झालं ते डिझाइन, ज्यात आत बघायची सोयच ठेवली नव्हती.

आधी वास घ्या

म्हणून आता लाकडी विमानाला जागोजागी छोट्या झाकणांच्या खिडक्या असतात. इन्स्पेक्शनला आलेला इंजिनीअर झाकण उघडतो आणि सगळ्यात आधी काय करतो? टॉर्च नाही, आरसा नाही. नाक पुढे करतो. खरंच! बंद पंखातून कुबट, बुरशीचा वास आला तर आत ओल आहे, पुढचा तपास सुरू. म्हणून झाकणं उघडून पंख हवेशीर करायच्या आधी वास घ्यायचा, नंतर नाही. पावसाळ्यात माळ्यावरची ट्रंक उघडल्यावर आईला जे एका सेकंदात कळतं, तेच हे.

मग येतो ओलावा मोजायचा मीटर. विमानाच्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असावा. तो २० टक्क्यांच्या वर गेला की कुजवणाऱ्या बुरशीला आवतणच. पाणी कुठे साठतं याचीही एक अक्कल असते. विमान जमिनीवर उभं असताना जो कोपरा सगळ्यात खाली येतो, तिथे. पाणी बाहेर पडावं म्हणून तिथे बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने बुजतात, कधी एखादी गांधीलमाशी तिथे घर करते, आणि कधी कोणी हौशी माणूस नवा रंग मारताना ती रंगानेच बंद करून टाकतो. विमान दिसायला एकदम नवं, आणि आत तळं!

मग कान. बोटाच्या पेराने किंवा हलक्या लाकडी हातोडीने पंखावर टिचक्या मारत जायचं. कलिंगड घेताना आपण मारतो ना, तसंच. खाली रिब किंवा स्पार घट्ट चिकटलेला असेल तर आवाज टणक येतो. जिथे सांधा सुटलाय किंवा लाकूड मऊ पडलंय, तिथे तो बद्द होतो. एका पंखावर असे शेकडो ठोके पडतात, आणि अनुभवी माणूस गप्पा मारता मारता एका ठिकाणी अचानक गप्प होतो.

तिथे मग टोच्या बाहेर निघतो. संशयाच्या जागी टोक हळूच रुतवायचं आणि उचकटायचं. चांगलं लाकूड विरोध करतं आणि उचकटलंच तर लांब, चिवट कुसळ निघते. कुजलेलं लाकूड बिस्किटासारखं तुटतं. पोलादी बोल्टाभोवती काळा डाग दिसला आणि तो रेषांच्या दिशेने पसरत गेला असेल, तर तिथे पाणी आणि लोखंड बऱ्याच दिवसांपासून एकत्र नांदतायत असं समजायचं. सांध्याच्या फटीत पातळ पट्टी सरकवून बघायची. जात असेल तर सांधा गेला. पेंटवर एखादी सरळ रेघ उमटली असेल, तर ती बहुधा पेंटची नसते. खाली प्लायवूडचा जोड हललाय, असा तो निरोप.

सगळ्यात डेंजर चीज मात्र वेगळीच. समजा कधीतरी विमान धाडकन उतरलं किंवा पंखाचं टोक कुठेतरी आपटलं. तुटलं काही नाही, सगळे हसले, चहा प्यायले. पण त्या धक्क्याने स्पारच्या एका बाजूचे तंतू दाबले जाऊन दुमडलेले असू शकतात. याला कॉम्प्रेशन फेल्युअर म्हणतात. दिसते फक्त केसाएवढी आडवी रेघ, लाकडाच्या रेषांना छेद देणारी. समोरून टॉर्च मारला तर दिसतही नाही. टॉर्च जवळजवळ लाकडाला टेकवून, रेषांच्या दिशेने आडवा मारावा लागतो, तेव्हा कुठे ती सुरकुती सावली टाकते. तेवढ्या रेघेने त्या तुळईची ताकद गेलेली असते. त्यावर पॉलिश नाही, गोंद नाही, जुगाड तर नाहीच. तो भाग बदलायचा.

तुम्ही सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये असाल तर ही दुखरी नस लगेच सापडेल. बग शोधणं तुलनेने सोपं. ‘बग नाही’ असं लिहून खाली सही करणं महाकठीण.

बिल फाडलं पावसावर

१९४४ साल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं सगळ्यात वेगवान विमानांपैकी एक, मॉस्किटो, लाकडाचं होतं. बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलकंफुलकं बाल्सा लाकूड, असं सँडविच. धडाचे डावे-उजवे दोन अर्धे भाग साच्यावर बनायचे आणि मग शेंगेसारखे जोडले जायचे. अल्युमिनियमची टंचाई होती, पण फर्निचर बनवणारे कारागीर भरपूर होते. पियानो बनवणाऱ्यांनीसुद्धा हातभार लावला. अशी साडेसात हजारांहून जास्त विमानं बनली.

त्यातली काही भारतात आली, ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. आणि १९४४ च्या अखेरीस इथे अपघात व्हायला लागले. पंखच दगा देतायत असा संशय आला. कारण सगळ्यांच्या तोंडावर तयार होतं, ऊन आणि मान्सून! सुरुवातीच्या मॉस्किटोंना जोडणारा सरस केसीनचा होता, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, आपल्या पनीरचा दूरचा चुलतभाऊ. इंडियातल्या उकाड्यात आणि दमटपणात तो फाटणारच, असं बोललं जाऊ लागलं. कंपनीतर्फे मेजर हेरवर्ड डी हॅविलंड टीम घेऊन भारतात आले. डिसेंबरमधल्या त्यांच्या रिपोर्टात सरसाची मात्र सुटका झाली. पावसाळ्यामुळे लाकूड आकसलं, त्यातून अपघात झाले, असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात काय, आरोपी हवामान.

यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं, आणि तेही रेषांना आडवं जास्त, उभं अगदी कमी. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने ते फारसं हलत नाही. म्हणजे स्पार एका चालीने हलतो, त्यावरचं प्लाय दुसऱ्या, आणि ताण येतो मधल्या सरसाच्या रेघेवर. सरस आधीच नीट लागलेला नसेल तर ती रेघ सुटते.

‘नीट लागलेला नसेल तर’... मुद्दा नेमका इथेच होता. नंतरच्या चौकशीने अपघातांचं खापर थेट सदोष बांधणीवर फोडलं. ब्रिटिश विमान-उत्पादन मंत्रालयाच्या टीमने इंग्लंडमध्येच सहा वेगवेगळ्या प्रकारचे मॉस्किटो तपासले. या विमानांनी मान्सूनचं तोंडही पाहिलं नव्हतं, वाळवी तर लांबच. तरी दोष तेच! सगळी कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्ह्सडेन इथल्या कारखान्यांत बनलेली. चिकटवण्याचं काम नीट झालं नव्हतं.

पण युद्ध चालू होतं. पायलटांचा विमानावरचा विश्वास उडाला तर पंचाईत. म्हणून हवाई मंत्रालयाने पहिल्याच रिपोर्टाला धरून ठेवलं, कारण मुख्यतः हवामान. उपाय म्हणून पंखाच्या वरच्या जोडावर, पंखाच्या लांबीभर, प्लायवूडची एक पट्टी बसवून फट बंद केली, म्हणजे पाणी आत जायला नको. उपाय चांगलाच होता. पण बिल मात्र आपल्या पावसावर फाडलं गेलं. कारखान्यात घाईघाईत लागलेला सरस कागदोपत्री बराच काळ निर्दोष राहिला. एखाद्या ऑफिसातला पोस्टमॉर्टेम रिपोर्ट आठवला का? असो.

जर्मनांची तर याहून वाईट गत. लाकडासाठी त्यांच्याकडे एक उत्तम चिकटपट्टी होती. तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. बदली सरस आम्लयुक्त निघाला, म्हणजे ज्याला जोडायचं त्यालाच खाणारा! १० डिसेंबर १९४४ ला व्हिएन्नाजवळ, बड्या पाहुण्यांसमोर, हाइन्केल १६२ या नव्या कोऱ्या जेटच्या पंखाचे तुकडे सुटले. टेस्ट पायलट जागीच ठार. विमानाचं हे दुसरंच उड्डाण होतं.

बारास एक

आता दुरुस्ती. समजा स्पारचा एक फूटभर तुकडा कुजलाय. तो कापून तिथे नवा चिकटवायचा. सोपं वाटतं ना? पण लाकडाची दोन टोकं समोरासमोर चिकटवली तर तो जोड काही कामाचा नसतो. कापलेलं टोक म्हणजे उघड्या नळ्यांची जुडी. सरस आत शोषला जातो, पकड येतच नाही. म्हणून दोन्ही टोकं लांब, तिरपी तासायची आणि उतारावर उतार बसवायचा. हा उतार किती? स्पारसाठी किमान दहास एक, शक्यतो बारास एक. म्हणजे लाकूड एक इंच जाड असेल तर उतार बारा इंच लांब! पाऊण इंचाच्या दोषासाठी कधीकधी दोन फूट लाकडावर रंधा फिरतो. कंजूष माणसाने या धंद्यात येऊ नये.

लाकूडही कुठलंही नाही. स्प्रूस हवं, सरळ रेषांचं. पंधरा इंचांत रेषा एक इंचापेक्षा जास्त तिरपी गेली तर बाद. वाढीची वर्तुळं इंचाला सहापेक्षा कमी असली तरी बाद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिकटवायच्या पृष्ठभागाला पॉलिशपेपर लावायचा नाही. आपल्याला वाटतं गुळगुळीत म्हणजे छान, पण त्या पावडरीने लाकडाची छिद्रं बुजतात. धारदार रंध्याने तासायचं आणि आठ तासांच्या आत चिकटवायचं. नंतर नाही.

जुना केसीन सरस आता दुरुस्तीसाठी कालबाह्य धरला जातो. रेसॉर्सिनॉल नावाचं गडद लालसर रेझिन वर्षानुवर्षं भरवशाचं मानलं गेलंय. पण त्याचे नखरे आहेत. साधारण २१ अंशांच्या खाली ते नीट धरत नाही. म्हणजे थंडीत वर्कशॉपला हीटर लावून बसायचं, लाकडासाठी! शिवाय सांध्याच्या लांबीभर सारखा, भक्कम दाब हवा. जोडाची जागाही मनमानी निवडता येत नाही. जिथे पंख धडाला बोल्टने जोडलाय त्या फिटिंगखाली जोड चालत नाही, आणि एका स्पारमध्ये दोनपेक्षा जास्त जोड नकोत. तिसऱ्यांदा कुजला? पूर्ण स्पार नवा करा.

आणि मग मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट. सरसाचं प्रत्येक मिश्रण कालवलं की त्यातलाच थोडा घेऊन त्याच लाकडाचे दोन छोटे तुकडे बाजूला चिकटवून ठेवायचे. वाळले की ते तोडायचे. मुद्दाम! तुटलेल्या जागी सरसाची स्वच्छ, चकचकीत रेघ दिसली तर काम नापास, तिकडे विमानावरचा जोड दिसायला कितीही देखणा असो. दोन्ही बाजूंना लाकडाचे फाटलेले तंतू चिकटलेले दिसले तर पास. याचा अर्थ लाकूड तुटलं, जोड नाही. काही जण हे तुकडे नाव-तारीख घालून जपून ठेवतात. विमानाचा आतला जोड पुन्हा कधी कोणाला दिसणार नसतो. पुरावा म्हणून एवढाच.

अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाचं विमान दुरुस्तीवरचं एक प्रसिद्ध मॅन्युअल आहे, १९९८ मध्ये सुधारून काढलेलं, मेकॅनिक मंडळींचं बायबलच म्हणा. धातू, फायबर, वायरिंग सगळं त्यात आहे. त्याचं पहिलं प्रकरण कशावर? लाकडावर.

आता एक हॅपी स्टोरी. केए११४ हा मॉस्किटो १९४५ मध्ये कॅनडात बनला. युद्ध संपलं आणि तो अल्बर्टा प्रांतातल्या एका शेतकऱ्याने विकत घेतला. शेतात, उघड्यावर, बर्फापावसात तो १९७८ पर्यंत पडून होता. लाकडाचं जे व्हायचं ते झालं. पुढे न्यूझीलंडमध्ये ग्लिन पॉवेल नावाच्या माणसाने मॉस्किटोच्या धडाचे साचेच नव्याने घडवले. कित्येक वर्षं त्यात घातली. त्या साच्यांवर नवं धड झालं, नवा पंख झाला, आणि ऑकलंडजवळच्या अार्डमोरला विमान पुन्हा उभं राहिलं. २७ सप्टेंबर २०१२ ला ते उडालं. १९४५ च्या विमानातून त्यात आले ते मुख्यतः धातूचे भाग. लाकूड सगळं नवीन.